खिचडी-वरणभाताबरोबर रात्रीच्या साध्या भाज्या: पाणी सुटतं, चव उतरत नाही, काय करावं?

रामबाग_इंदूर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे रात्रीचं जेवण साधं असतं. मुगाची खिचडी नाहीतर वरण-भात, थोड्या पोळ्या, एक भाजी आणि तोंडी लावायला काहीतरी. चार माणसं जेवणारी, त्यातली दोन सत्तरीच्या पुढची. त्यामुळे भाजी मऊ आणि तिखट बेताचं लागतं. चातुर्मास असल्यामुळे कांदा, लसूण आणि वांगं बंद आहे. कार्तिकी एकादशीपर्यंत हे असंच राहणार. स्वयंपाकाला संध्याकाळी ७ ते पावणेआठ एवढाच वेळ आणि दोन शेगड्या.

मंडीत सध्या गिलकी (घोसाळी), लौकी (दुधी), लाल भोपळा, तोंडली, काकडी आणि देशी भुट्टे छान येताहेत. अडतं ते इथे:

गिलकी अर्धा किलो चिरली तरी शिजून वाटीभर उरते, तीही पाण्यात तरंगते आणि खारट लागते. दुधीत चणाडाळ घातली की दुधीचा लगदा होतो आणि डाळ मात्र दाताखाली येते. लाल भोपळा ढवळता ढवळता मोडतो. तोंडली बाहेरून करपतात, आतून कच्ची राहतात. भुट्ट्याचा कीस (कोवळा मका किसून, तुपात परतून दुधात शिजवलेला) खाली लागतो आणि त्यात गुठळ्या होतात. काकडीची कोशिंबीर पानात वाढेपर्यंत पाणी-पाणी होते.

मसाले वाढवून झाकपाक करायची नाही. साध्या फोडणीतच या भाज्या चवीला उतराव्यात असं वाटतं. प्रमाण आणि वेळ सांगितलीत तर फार मदत होईल.

---

पळीभर_फोडणी

तुमच्या यादीतल्या जवळजवळ सगळ्या तक्रारी मीठ कधी घालता आणि झाकण कधी ठेवता यावर येऊन थांबतात. गिलकी, दुधी, काकडी यांत ९४-९६ टक्के पाणीच असतं. लाल भोपळ्यात ९१-९२, बटाट्यात ८० च्या आसपास. म्हणून बटाट्याच्या काचऱ्यांची रीत गिलकीला लावली की ती बिघडते. मीठ पडलं की भाजीतलं पाणी बाहेर येतं. कढईत पाणी साचलं की ते उकळत राहतं, भाजी परतली जात नाही, नुसती उकडते. मग फोडणीचा वासही त्या पाण्यात विरून जातो.

आधी गिलकी. चार माणसांना अर्धा किलो पुरणार नाही, पाऊण किलो घ्या, शिजून निम्म्याच्याही खाली येते. घेताना हातात वजनदार लागणारी, दाबल्यावर किंचित दबून परत वर येणारी बघा. हलकी लागली तर आत जाळी धरलेली असते, ती शिजत नाही. साल सुरीच्या पाठीने नुसतं खरवडा, सोलू नका. प्रत्येक गिलकीची एक कच्ची चकती जिभेला लावून बघा आणि कडू लागली तर ती बाजूला काढा. फोडी १ सेंटीमीटर जाडीच्या अर्धगोल हव्यात. पातळ चिरली की विरघळते.

कढई पसरट घ्या, वाफेला बाहेर पडायला जागा पाहिजे. दीड टेबलस्पून तेल तापवून अर्धा टीस्पून मोहरी तडतडू द्या, मग अर्धा टीस्पून जिरं, दोन चिमटी हिंग, दोन उभ्या चिरलेल्या मिरच्या, पाव टीस्पून हळद. गिलकी घालून मोठ्या आचेवर ४-५ मिनिटं उघडीच परता. या टप्प्यात मीठ नाही. फोडी पारदर्शक दिसायला लागल्या की आच मध्यम करून अजून ५ मिनिटं, तीही उघडीच. आता भाजी जेवढी उरली आहे तेवढ्याच अंदाजाने मीठ घाला, साधारण अर्धा टीस्पून. खारट होते ती याचमुळे: कच्ची ढीगभर भाजी बघून मीठ पडतं आणि ती आटून वाटीभर उरते, मीठ तेवढंच राहतं. शेवटी दोन टेबलस्पून भाजलेल्या दाण्याचा कूट. उरलंसुरलं पाणी तो ओढून घेतो.

वयस्कर माणसांसाठी दुसरी रीत जास्त बरी वाटते. तीन टेबलस्पून मुगाची डाळ अर्धा तास भिजवून, निथळून फोडणीत घाला, मिनिटभर परता आणि त्यावर गिलकी. इथे झाकण ठेवायचं. गिलकीच्या सुटलेल्या पाण्यात डाळ शिजते, वरून थेंबभरही पाणी लागत नाही. मंद आचेवर १२ मिनिटांत डाळ बोटाने दाबली जाते पण आकार धरून राहते. मग मीठ, टेबलस्पूनभर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. वाटीत डाव भरून भाजी घातली तर खाली पाणी जमता कामा नये, ती बरोबर झाल्याची खूण.

आता दुधी. डाळ आणि दुधी एकत्र शिजवूच नका, दोघांचा वेळ वेगळा. पाव वाटी चणाडाळ (साधारण ५० ग्रॅम) गरम पाण्यात दोन तास भिजवा. खिचडीचा कुकर लावताना वरच्या डब्यात डाळ आणि अर्धी वाटी पाणी ठेवा. तीन शिट्ट्यांत ती अख्खी राहून मऊ होते. त्यात मीठ, आमसूल, टोमॅटो काहीही नको. आंबट पडलं की डाळ आणि भाज्या मऊ व्हायला फार वेळ घेतात. बोरिंगचं जड पाणीही तेच करतं, त्यातल्या कॅल्शियममुळे डाळ घट्ट राहते. घरात नळाला नर्मदेचं पाणी येत असेल तर डाळीला तेच वापरा, नाहीतर पिण्याचं गाळलेलं.

दुधी ६०० ग्रॅम, साल काढून दीड सेंटीमीटरच्या फोडी. इथे मात्र मीठ सुरुवातीलाच घालायचं, कारण पाणी सुटायलाच हवं आहे, शिवाय फोडीच्या आत मीठ जातं. बेचव लागते ती बहुतेक वेळा आत मीठ न गेल्याने. टेबलस्पूनभर तूप, जिरं, हिंग, हळद, एक टीस्पून आलं-मिरची वाटून, त्यावर दुधी आणि पाऊण टीस्पून मीठ. वर खोलगट ताटली, ताटलीत पाणी. झाकण थंड राहिल्यामुळे वाफ तिथेच थिजून भाजीवर परत पडते आणि भाजी खाली लागत नाही. १० मिनिटांनी ताटलीतलंच गरम पाणी थोडं आत घ्या, डाळ तिच्या पाण्यासकट घाला, एक टीस्पून गोडा मसाला, एक टीस्पून गूळ, दोन आमसुलं. चार मिनिटं उकळू द्या आणि उतरवा.

दुधी चिरण्याआधी त्याचाही कच्चा तुकडा चाखा. कडू असेल तर अख्खा फेकून द्या. तो कडवटपणा शिजवून, मीठ लावून किंवा साखर घालून जात नाही. तो विषारी असतो, त्याने उलट्या, जुलाब, रक्ताच्या उलट्यासुद्धा होतात. थोडा रस पोटात गेला तरी त्रास होतो. हे गिलकीलाही लागू आहे. घरात वडीलधारी माणसं जेवणार असतील तेव्हा हे कधीच टाळू नका.

---

सुदामानगरची_चूल

वरच्या उत्तराशी बहुतेक सहमत. फक्त आंबटाबद्दल थोडी भर घालते.

आंबट घातल्यावर भाजी मऊ होत नाही हे खरं, आणि लाल भोपळ्यात आपल्याला नेमकं तेच कामाला येतं. भोपळा मोडतो म्हणून तक्रार आहे ना? मग चिंच शेवटी घालू नका, फोड अर्धवट शिजली की घाला. बाहेरचा थर तिथेच घट्ट होतो आणि आतला भाग हळूहळू मऊ होत राहतो.

अर्धा किलो भोपळा, सालीसकट. साल काढली की फोडीला धरून ठेवणारं काही उरत नाही. फोडी अडीच सेंटीमीटरच्या, सगळ्या सारख्या. लहान-मोठ्या असल्या की लहान फोडी विरघळून मोठ्यांवर लेप बसतो. दीड टेबलस्पून तेलात अर्धा टीस्पून मेथीदाणे. मेथीवर लक्ष ठेवा: पिवळे दाणे आधी सोनेरी, मग लालसर होतात, लालसर झाले की लगेच पुढचं घालायचं. काळपट झाले तर सगळी भाजी कडू, ती फोडणी टाकून नवीन करा. दोन सुक्या मिरच्या मोडून, हिंग, हळद, मग भोपळा. उलथण्याने ढवळायचं नाही, कढईचे दोन्ही कान धरून हलवायची. झाकणावर पाणी ठेवून मध्यम आचेवर ५ मिनिटं. सुरीचं टोक फोडीत निम्म्यापर्यंत सहज जातं आणि पुढे अडतं, तेव्हा टेबलस्पूनभर चिंचेचा कोळ, टेबलस्पूनभर गूळ आणि अर्धा टीस्पून मीठ. परत झाकून ४ मिनिटं, शेवटची २ मिनिटं उघडी. गूळ घातल्यावर आच मोठी ठेवलीत तर तळाला लागतो. पाण्याचा अंश एवढा कमी झालेला असतो की गूळ पाक धरतो.

तोंडल्यांचं वेगळं दुखणं आहे. त्यांचं साल मेणचट असतं, आत उष्णता उशिरा पोचते. कढई पातळ असेल तर बाहेरची बाजू करपेपर्यंत आत काहीच होत नाही. लोखंडी जाड कढई नाहीतर बिडाचा तवा घ्या. (लोखंडात आमसूल किंवा चिंच मात्र घालू नका, भाजी काळी पडते आणि लोखंडाची चव उतरते.) ४०० ग्रॅम तोंडली, हिरवी आणि टणक. आतून लाल निघालेली बाजूला काढा, ती आंबट आणि पिचपिचीत होतात. वयस्कर माणसांसाठी उभ्या चिरांपेक्षा ३ मिलिमीटरच्या गोल चकत्या बऱ्या, चावायला सोप्या.

दोन टेबलस्पून तेल, मोहरी, हिंग, हळद, टीस्पूनभर पांढरे तीळ. चकत्या मोठ्या आचेवर ३ मिनिटं उघड्या. मग पाण्याचं झाकण ठेवून मंद-मध्यम आचेवर ८ मिनिटं. या आठ मिनिटांत ती आतून शिजतात. मग झाकण काढून मीठ आणि अर्धा टीस्पून साखर, ४-५ मिनिटं परतत राहिलात की कडा तांबूस होतात. झाकण काढल्यावर आतल्या बाजूला साचलेलं पाणी परत कढईत सांडू देऊ नका, ताटली सरळ उचलून बाजूला न्या. तेवढ्या दोन चमचे पाण्याने कुरकुरीतपणा जातो.

---

पळीभर_फोडणी

चिंच निम्म्यावर घालायची युक्ती पटली, पण भोपळा कोवळा असेल तरच. जुना, गर्द केशरी, घट्ट गराचा असेल तर त्यात पाणी कमी आणि पिष्ट जास्त असतं, त्याची फोड बाहेरून घट्ट राहील आणि आतून पिठूळ. त्याला चिंच शेवटीच.

आणि तोंडल्यांना मीठ इतक्या उशिरा घातलं तर ते वरवर लागतं. झाकण ठेवतानाच निम्मं मीठ घालून बघा. तोंडल्यात पाणी गिलकीएवढं सुटत नाही, त्यामुळे काही बिघडत नाही.

---

सुदामानगरची_चूल

निम्मं आधी, निम्मं नंतर, हे चालेल. पिठूळ भोपळ्याबद्दलही बरोबर आहे. कापलेला तुकडा घेताना नख लावून बघावं: नखाखाली ओल दिसली तर कोवळा, भुकटीसारखं निघालं तर जुना.

---

भुट्ट्याचा_कीस

कीस माझ्याकडे सोपवा. सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) मिळतो तो भरपूर तुपात आणि मोठ्या कढईत होतो. घरच्या जेवणाला तोंडी लावायला त्याहून हलका चालतो, पण पायरी एकही गाळून चालत नाही.

चार मध्यम देशी भुट्टे. दाण्याला नख लावा. दुधासारखा पांढरा थेंब आला तर योग्य. स्वच्छ पाणी आलं तर अजून कोवळा, कीस पातळ होईल. काहीच आलं नाही तर जून, कितीही शिजवा, दाणेदारच राहतो. मध्यम भोकांच्या किसणीवर वरून खाली, थोडा दाबून किसायचं आणि खालचं बुरकूल (कणसाचा मधला दांडा) लागायला लागलं की थांबायचं. दोन वाट्या कीस निघतो. किसून झाल्यावर सुरीच्या पाठीने बुरकुलं वरून खाली ओरबाडा, राहिलेलं दूध निघतं आणि तेच सगळ्यात गोड असतं.

मिक्सर वापरू नका, असं सांगायचं कारण आहे. किसणीवर दाण्याची बरीचशी सालपटं बुरकुलालाच चिकटून राहतात. मिक्सरमध्ये ती सगळी बारीक होऊन आत जातात, लगदा चिकट होतो आणि तो परतला जात नाही.

जाड बुडाच्या कढईत तीन टेबलस्पून तूप, टीस्पूनभर जिरं, हिंग, दोन मिरच्या ठेचून, चिमूटभर हळद. कीस घालून मध्यम-मंद आचेवर ८-१० मिनिटं परता, हात थांबवायचा नाही. गुठळ्या होण्याचं कारण याच दहा मिनिटांत आहे. मक्यात पिष्ट भरपूर असतं. परतताना प्रत्येक कणाला तूप लागतं आणि मग दूध घातलं तरी ते कण एकमेकांना चिकटत नाहीत. परतणं अर्धवट राहिलं आणि दूध ओतलं की पिष्ट एकदम फुगून गोळे धरतात. रंग अर्धी छटा गडद होतो, कच्चा हिरवट वास जातो, कडेला तूप चमकायला लागतं, तेव्हा परतणं झालं.

मग गरम दूध, एकूण एक वाटी म्हणजे २०० मिलिलिटर, तीन वेळा विभागून. पहिलं दूध पूर्ण मुरल्याशिवाय दुसरं नाही. शेवटचं घालून आच बारीक करा, ८ मिनिटं, दर मिनिटाला तळ खरवडत. कीस कडा सोडून मधे गोळा व्हायला लागला की अर्धा टीस्पून साखर आणि मीठ. लिंबू गॅस बंद केल्यावरच, उकळत्या दुधात पिळलंत तर फाटतं. जिरावण (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) घालायचं असेल तर तेही पानात वाढताना, त्यात आमचूर असतो.

अमेरिकन गोड मका असेल तर गणित बदलतं. त्यात पाणी आणि साखर जास्त, पिष्ट कमी. दूध अर्धी वाटी, साखर नाही, आणि परतणं १२ मिनिटं. तरीही तो देशीसारखा दाट होत नाही.

---

रामबाग_इंदूर

खूपच उपयोगी. गिलकीचं मिठाचं कारण वाचून सगळा उलगडा झाला. दोन शंका राहिल्या. कीस आधी करून ठेवला तर चालेल का? जेवायला बसेपर्यंत घट्ट होतो. आणि काकडीच्या कोशिंबिरीबद्दल कोणी सांगितलं नाही.

---

भुट्ट्याचा_कीस

तासभर आधी चालेल. थंड होताना पिष्ट पाणी धरून घट्ट होतं, त्यामुळे उतरवताना तुम्हाला हवा त्याहून थोडा सैलच ठेवा. गरम करताना दोन-तीन टेबलस्पून दूध घालून मंद आचेवर, झाकून. लिंबू पिळलेला कीस परत दूध घालून गरम करू नका. रात्रीचा उरला तर लगेच फ्रिजमध्ये, पावसाळी हवेत दुधाचा पदार्थ ओट्यावर ठेवण्याजोगा नाही.

---

कोचवलेली_काकडी

कोशिंबिरीला काकडी किसू नका, विळीवर कोचवा. किसणीने जास्त पेशी फाटतात, पाणी जास्त सुटतं आणि चोथा हाती राहतो. विळी नसेल तर सुरीने काकडीवर उभे-आडवे बारीक छेद देऊन मग पातळ कापत जा, तसेच चुरमुऱ्याएवढे तुकडे पडतात. आधी देठाकडचं टोक कापून चाखा, कडवटपणा बहुधा तिथेच असतो. सगळीच काकडी कडू लागली तर ती वापरू नका.

३०० ग्रॅम काकडी कोचवून १० मिनिटं चाळणीत ठेवा, मीठ न लावता. मग मुठीत अगदी हलकं दाबा. पिळून कोरडी केली तर चव गेली. निघालेलं पाणी पोळ्यांची कणीक भिजवायला घ्या. तीन टेबलस्पून दाण्याचा कूट, दोन टेबलस्पून ओलं खोबरं, अर्धा टीस्पून साखर, अर्ध्या लिंबाचा रस, कोथिंबीर. वरून फोडणी: दोन टीस्पून तूप, अर्धा टीस्पून जिरं, हिंग, एक मिरची बारीक चिरून. फोडणी कुटावर ओता, काकडीवर नाही. कूट तूप पिऊन घेतो आणि मग तो पाणी सहज शोषत नाही, कोशिंबीर अर्धा तास मोकळी राहते. मीठ पानं वाढताना.

दह्यातली करायची असेल तर वाटीभर दही बारीक चाळणीत २० मिनिटं निथळत ठेवा. त्यातली निवळी कढीला.

बालम काकडी (माळव्यातली मोठी, जाड काकडी) मंडीत दिसायला लागली असेल तर ती कोशिंबिरीपेक्षा नुसत्या फोडी करून मीठ, जिरंपूड लावून जास्त चांगली. बिया काढाव्या लागतात आणि गर रसाळ असतो, कोचवलीत तर हातात काही राहत नाही.

---

नवीन_स्वयंपाकी

मधेच विचारतो, क्षमस्व. भेंडीची तार कशी घालवायची? कांद्याशिवाय.

---

सुदामानगरची_चूल

भेंडीतला चिकट पदार्थ पाण्यात विरघळला की तार धरतो. म्हणून धुऊन, फडक्याने एकेक पुसून, पंख्याखाली अर्धा तास सुकू द्या आणि मगच चिरा. चिरल्यावर धुणं नाही. दीड सेंटीमीटरचे तुकडे. बारीक चिरली की कापलेल्या बाजू वाढतात आणि तार जास्त. ३०० ग्रॅमला दीड टेबलस्पून तेल, पसरट कढई, झाकण बिलकुल नाही. ५ मिनिटांनी दोन आमसुलं घाला, आंबटाने तार तुटते. १२-१५ मिनिटांनी तुकडे सुटे झाले की मीठ. आमसुलामुळे भेंडी किंचित काळपट हिरवी दिसेल, चवीला काही होत नाही. हिरवा रंगच हवा असेल तर आमसूल न घालता उतरवल्यावर लिंबू पिळा. तार मात्र थोडी राहील.

---

पळीभर_फोडणी

रामबागकर, ७ ते पावणेआठचा मेळ असा बसतो. ऑफिसातून किंवा बाहेरून आल्या आल्या, म्हणजे ६ च्या सुमाराला, चणाडाळ नाहीतर मूगडाळ भिजत घाला. चणाडाळीला दोन तास नाही मिळाले तर उकळतं पाणी ओतून झाकून ठेवा, तासात काम होतं, शिट्टी मात्र एक जास्त. ७ ला खिचडीचा कुकर एका शेगडीवर, वर डाळीचा डबा. कुकर होईपर्यंत काकडी कोचवून चाळणीत आणि दुधी चिरून तयार. सव्वासातला दुसऱ्या शेगडीवर दुधीची फोडणी. वाफ उतरून कुकर उघडेपर्यंत दुधी शिजलेला असतो, डाळ त्यात जाते. कुकरच्या रिकाम्या शेगडीवर पापड किंवा पोळ्या. कोशिंबिरीची फोडणी सगळ्यात शेवटी.

दुधी-चणाडाळ आणि कीस एकाच रात्री करू नका. कीस १० मिनिटं सलग हात अडकवून ठेवतो, तेवढ्यात दुसरं काही होत नाही. कीस असेल त्या दिवशी भाजी नको, वरण-भात आणि काकडी पुरे. गिलकी-मूगडाळ असेल त्या दिवशी मुगाची खिचडी नको, एकच चव दोनदा होते. त्या दिवशी वरण-भाताऐवजी ताकाची कढी आणि भात छान जमतो. भोपळ्याच्या दिवशी मात्र आंबट-गोड आमटी नको, साधं तूर डाळीचं वरण, तूप आणि लिंबू.

---

रामबाग_इंदूर

आज गिलकी मूगडाळ घालून केली. बरोबर १२ मिनिटं लागली, खाली पाणी नव्हतं. एकच गोष्ट: खोबरं घातल्यावर कुठेतरी खवट वास आला. खोबरं ताजं होतं.

---

कोचवलेली_काकडी

तुम्ही कूटही घातला असेल तर बघा, बहुतेक तोच असेल. पावसाळ्यात दाण्याचा कूट ओट्यावरच्या बरणीत दहा-पंधरा दिवसांत खवटतो. दमट हवा लागते आणि कुटल्यावर दाण्यातलं तेल उघडं पडतं. चमचाभर तसाच तोंडात टाका, घशाशी कडवट लागला तर बरणी रिकामी करा. दाणे मंद आचेवर सालं तडकेपर्यंत भाजा, पूर्ण गार करा, सालं पाखडा आणि आठवड्याला लागेल तेवढाच, साधारण वाटीभर, जाडसर कुटा. गरम असताना कुटला तर तेल सुटून लगदा होतो. कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि ओला चमचा त्यात घालू नका. बाकीचे दाणे भाजून अख्खेच ठेवले तर महिनाभर चांगले राहतात.